विश्लेषण : जुन्या मोटारीचा ‘रिव्हर्स लाइट’ मूळ भागांनीच का दुरुस्त करावा?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून ‘व्हिंटेज’च्या व्याख्येत येऊ लागल्या आहेत. ही मोटार बनवणाऱ्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांच्याच जिल्ह्यात, सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावात कुणाच्या वाड्यात वडिलांची फियाट ताडपत्रीखाली उभी असेल, तर तिचे आता काय करायचे, हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. इंजिन आणि रंगकामावर मालक सढळ हाताने खर्च करतो. मागे घेताना लागणारा पांढरा दिवा मात्र बंदच राहतो किंवा त्याच्या जागी बाजारातला झगझगीत एलईडी बसतो.

नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी त्यास पात्र ठरते. वाहन मूळ स्वरूपात हवे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे चालते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

या व्याख्येत दिव्याचे नाव नाही. साधा बल्ब बदलल्याने काही बिघडत नाही. पण नवा दिवा बसवण्यासाठी मागच्या पत्र्याला भोके पाडली, की प्रश्न थेट बॉडीचा होतो, आणि पत्र्याला पडलेले भोक सहज बुजत नाही.

दिवा बंद पडतो कशाने?

बहुतेक वेळा दोष दिव्यात नसतोच. रिव्हर्स लाइटचे सर्किट अगदी साधे आहे. फ्यूजमधून निघालेली वायर गिअरबॉक्सवरच्या किंवा गिअरच्या दांड्याजवळच्या स्विचकडे जाते. रिव्हर्स गिअर पडला की स्विचची पिन दाबली जाते, वीज बल्बपर्यंत पोहोचते आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते. या शेवटच्या टप्प्याला गॅरेजमध्ये ‘अर्थिंग’ म्हणतात. पन्नास वर्षांच्या गंजाने पहिला घाव तिथेच बसतो.

खराब अर्थिंगमुळे दिवा पूर्ण विझतोच असे नाही; अनेकदा तो नुसता मिणमिणतो. फिलामेंटच्या बल्बला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले, तर वीजदाब आठव्या हिश्शाने घटतो, प्रकाश मात्र सुमारे एक तृतीयांशाने. ‘जुन्या गाडीचा दिवा असाच असतो’ हा समज येथूनच आलेला दिसतो.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. चाकांना ओट लावून, इंजिन बंद ठेवून, चावी ‘ऑन’ करून रिव्हर्स गिअर टाकावा. आधी फ्यूज पाहावा. मग स्विचच्या दोन्ही वायरी क्षणभर एकत्र जोडाव्यात. दिवा लागला तर दोष स्विचचा किंवा त्याच्या बसवणीचा. काही गाड्यांत स्विचखालच्या वॉशरची जाडी चुकली, तरी पिन पुरती दाबली जात नाही. दिवा नाहीच लागला, तर होल्डरपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत एक सुटी वायर जोडून बघावी. त्याने उजेड पडला, तर पॉलिश पेपर, नवा स्क्रू आणि थोडे ग्रीस एवढ्यावर काम भागते. हे वळसंगच्या गॅरेजातही होण्यासारखे आहे. मुंबईच्या ‘रिस्टोअरर’ची त्याला गरज नाही.

मग एलईडी का नको?

एलईडी वीज कमी खातो, तापतोही कमी. पण जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर फिलामेंट ठरावीक बिंदूवर असेल असे धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून फाकतो, त्यामुळे समोरून प्रखर दिसणारा दिवा प्रत्यक्ष जमिनीवर कमी उजेड टाकू शकतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे नेहमीचा एलईडी पेटतच नाही. शिवाय त्याचा निळसर पांढरा रंग साठच्या दशकातल्या क्रोमच्या चौकटीत डोळ्यांना खुपतो.

बल्ब घेताना गाडी सहा व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, एवढे आधी पाहावे. १२ व्होल्टच्या गाड्यांत सहसा २१ वॅटचा, एका फिलामेंटचा बल्ब लागतो आणि तो आजही साध्या दुकानात मिळतो. अवघड असतात ती काच, क्रोमची चौकट आणि रबरी गॅस्केट. मिलेचेंतो, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, पद्मिनी अशी नावे बदलत गेली तशी बारीकसारीक फिटिंगही बदलत गेली. त्यामुळे ‘फियाटची काच’ एवढेच सांगून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात शोधायला जाणे म्हणजे खेपेचे पैसे वाया घालवणे. जुना तुकडा, तो फुटका असला तरी, सोबत न्यावा. पिवळटलेले प्लास्टिक आधी पॉलिश करून पाहावे. गॅस्केट मात्र नवेच घ्यावे, कारण पाणी शिरण्याची वाट तीच.

आणि गाडीला मुळात रिव्हर्स लाइट नसेलच तर?

पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक मोटारींना तो कंपनीकडून मिळतच नसे. मालक बाजारातून वेगळा दिवा घेऊन लावत. अशा वेळी त्या काळच्या घडणीचा छोटा दिवा बंपरच्या मूळ बोल्टवर पट्टी अडकवून बसवता येतो. त्याला स्वतंत्र फ्यूज आणि वायर द्यावी, मूळ वायरिंग कापू नये. नोंदणीच्या तपासणीआधी तो दोन पान्यांनी उतरवताही येतो.