बुरशीची हिरवी बातमी

कॅन्डिडा अल्बिकान्स ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात बहुधा निमूटपणे राहते. परंतु प्रतिकारशक्ती तोकडी पडली की तीच बुरशी तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरते आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तातही उतरते. या रूपपालटात तिचे कोणते जनुक केव्हा जागे होते, हे जिवंत पेशीत पाहण्यासाठी रिपोर्टर, म्हणजे बातमी देणारे जनुक, वापरतात. जनुकाच्या आधी प्रवर्तक नावाचा डीएनएचा तुकडा असतो आणि जनुक केव्हा चालू व्हायचे ते तो ठरवतो. या प्रवर्तकापुढे हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे, अर्थात जीएफपीचे, जनुक जोडले, की प्रवर्तक चालू झालेली पेशी निळ्या प्रकाशात हिरवी चमकू लागते.

ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केलेले हे प्रथिन मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये जिवाणूत आणि सूत्रकृमीत चमकवून दाखवले, पण कॅन्डिडापुढे अडचण भाषेचीच होती. जनुकीय लिपीतील सीयूजी ही तीन अक्षरे बहुतेक सजीव ल्यूसीन या अमिनो आम्लासाठी वाचतात, तर कॅन्डिडा ती प्रामुख्याने सेरीन म्हणून वाचते. त्यामुळे १९९७ मध्ये जीएफपीचे जनुक तिच्या वळणाने नव्याने लिहावे लागले.

एचडब्ल्यूपी१ हे जनुक या पद्धतीला विशेष सोयीचे ठरले, कारण त्याचे प्रथिन बुरशीच्या तंतूंवरच येते आणि मानवी ट्रान्सग्लुटामिनेज विकराच्या साहाय्याने गालाच्या आतील पेशींना पक्के जखडते. त्याचा प्रवर्तक जोडलेल्या गोल पेशी ३७ अंश सेल्सिअसला रक्तद्रवात ठेवल्या असता प्रथम काळोख्याच दिसतात. दोन-तीन तासांत त्यांच्या कडेला बारीक नळी फुटते आणि हिरवेपणा चढत जातो. मात्र जीएफपी घडी पडून पक्व होण्यास वेळ लागत असल्याने प्रकाश जनुकाच्या थोडा मागून येतो, आणि ते टिकाऊ असल्याने जनुक थांबल्यावरही रेंगाळतो, हा दोष अधिक फसवा आहे. त्यावर उपाय म्हणून जीएफपीला यीस्टमधील एका अल्पायुषी प्रथिनाचे शेपूट जोडतात, ज्यामुळे पेशी त्याची लवकर विल्हेवाट लावते. अर्थात त्यामुळे चमकही मंदावते, आणि ही किंमत चुकवता येत नाही.

अंधाराची बातमीही तपासूनच घ्यावी लागते, कारण जीएफपीचे रंगकेंद्र तयार होण्यास प्राणवायू लागतो आणि गळवाच्या गाभ्यात तो अपुरा असतो. म्हणून सदैव चालू असणाऱ्या जनुकाचा प्रवर्तक लाल प्रतिदीप्त प्रथिनाला जोडून तोही त्याच पेशीत ठेवतात. लाल रंगालाही प्राणवायू लागत असल्याने दोन्ही रंग एकदम मावळले, तर एचडब्ल्यूपी१ झोपले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी संशय प्राणवायूवर घ्यावा लागतो.