भत्ता एका हाती, शिक्षण दुसऱ्या हाती

बेकारभत्त्याची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळते: काम न करणाऱ्यास पैसे द्यावेत काय? ह्या वादात दुसरा, अधिक निकडीचा प्रश्न मागे पडतो. ज्याची नोकरी गेली, त्याचा धंदाच कालबाह्य झाला असेल तर भत्त्याच्या आधारावर काढलेल्या दिवसांत त्याने करावे काय?

इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात ह्याचे उत्तर देऊन ठेवले होते. बेकारी लांबली तरी भत्ता थांबवू नये. मात्र काही काळानंतर काम वा प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रात हजेरी ही त्याची अट असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत अडचण निराळी होती. भत्ता घेणारा नोकरीसाठी सदैव उपलब्ध असला पाहिजे, हा तेथील दंडक. मग दिवसभर वर्गात बसणारा उपलब्ध कसा? शिकायला जावे तर भत्ता जातो, भत्ता राखावा तर शिक्षण राहते. अखेर १९७० साली तेथील कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याच्या यंत्रणेने मान्य केलेले प्रशिक्षण चालू आहे, एवढ्याच कारणाने कोणाचा भत्ता नाकारता येणार नाही, असे ठरले.

आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची गाठ फारशी पडलीच नाही. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर १९८६ साली, बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी केंद्राने पुनर्वसन निधी योजना आणली. पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य. तीन वर्षे! तेवढ्या अवधीत हाताला नवा धंदा खुशाल शिकविता आला असता. परंतु योजनेची रचनाच तात्पुरत्या साहाय्याची होती. साच्यावर उभ्या असलेल्या विणकराने पुढे काय शिकावे, ह्याचा विचार तिच्या चौकटीत नव्हता. पुढे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीच्या उद्दिष्टांत पुनर्प्रशिक्षण ठळकपणे होते. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्ची पडला.

न्यायाने सांगायचे तर, कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २००५ सालच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने बेकारभत्त्याच्या जोडीला प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याची तरतूद केली. दिशा योग्य होती. तथापि ती कारखाना बंद पडलेल्या, कपात झालेल्या वा कायमचे अपंगत्व आलेल्या विमाधारकांपुरती. २०१८ साली आलेल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत साहाय्य मिळे ते आयुष्यात एकदाच, ९० दिवसांपर्यंत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील बहुतेक अभ्यासक्रम एक वा दोन वर्षांचे असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये विद्यावेतनासह कार्यप्रशिक्षण योजना काढली, ती १८ ते ३५ वयोगटासाठी. चाळिशी उलटलेल्या जोडाऱ्याला तिच्यात जागा नाही.

आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. योजनांना भारदस्त नावे देण्यात आपली सरकारे कधीच कमी पडलेली नाहीत! मालकाने कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरावयाचे आणि कपातीपासून ४५ दिवसांच्या आत ते त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे. पंधरा दिवसांच्या पगारात घरभाडे भागेल, मुलाची फी भरली जाईल. नवे कौशल्य येणार नाही. कोणता वर्ग, कोणती संस्था, किती महिने, ह्याविषयी ते कलम बोलत नाही. वर्ग चालू असेतो घर कशावर चालावे, ह्याविषयी तर नाहीच.

शिवाय ‘कपात’ ह्या शब्दाचा अर्थ तपासून घेतला पाहिजे. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्याची मुदत संपली, तर कायद्याच्या दृष्टीने ती कपात नव्हे. १९८४ साली औद्योगिक विवाद कायद्यात केलेली ही तरतूद नव्या संहितेतही उतरली आहे. आज कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून भरती अधिकाधिक अशा करारांनीच होत असताना, मुदत संपून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या खात्यात ते पंधरा दिवसांचे वेतनही जमा होणार नाही.