शिलालेखांच्या छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याची निवड

नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवरील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख टिपावयास निघालेल्या अभ्यासकाने खिशात मावणारा अतिलघु कॅमेरा न्यावा की प्राथमिक प्रतीचा डी.एस.एल.आर., हा प्रश्न मेगापिक्सेलच्या आकड्यांवरून सोडविणे व्यर्थ होय. खरा भेद प्रकाश ग्रहण करणाऱ्या संवेदकाच्या आकारमानात आहे. अतिलघु कॅमेऱ्याचा संवेदक बहुधा ६.२ × ४.६ मि.मी. असतो, निकॉनच्या डी ३५०० (२०१८) या कॅमेऱ्याचा २३.५ × १५.६ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तेरापट. लेण्यातील अंधुक उजेडात कॅमेरा हाती धरून चित्र घेतल्यास लहान संवेदकाच्या चित्रात कण माजतात, आणि झिजलेल्या अक्षराची एखादी मात्रा त्या कणांतच लोपते. मात्रा गेली की वाचन बदलते.

तथापि शिलालेख जागचा हलत नाही, ही गोष्ट सहसा विसरली जाते. कॅमेरा तिपाईवर ठेवून काही सेकंद प्रकाश घेऊ दिला, व विजेरी बाजूने तिरपी धरून खोदीव रेषांत सावली भरू दिली, की लहान कॅमेराही समाधानकारक काम देतो. किंबहुना ओबडधोबड भिंतीचे उंचसखल भाग एकाच वेळी रेखीव येण्यास लहान संवेदक अधिक अनुकूल असतो. तेव्हा पैसे बेताचे असतील, तर आधी तिपाई घ्यावी. तिपाई उभी करण्यास जागाच नसेल, किंवा पुढे छटांचे संस्करण करण्यासाठी रॉ स्वरूपातील चित्र हवे असेल, तर मात्र डी.एस.एल.आर.चे ओझे घाटातून वाहून नेणे सार्थकी लागते. डी ३५०० चे उत्पादन आता थांबले असल्यामुळे तो बहुधा वापरलेलाच घ्यावा लागेल.