शांतिशिक्षणाची परीक्षा : लेखांक सातवा – प्रतिपक्षाची कैफियत

सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये परीक्षेचा प्रश्न कसा हाताळला गेला, याचा परामर्श आज घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु परभणी जिल्ह्यातील सेलूहून एका अध्यापिकाबाईंचे पत्र आले असून त्यातील प्रश्न इतका निकडीचा आहे, की सेवाग्रामचे प्रकरण पुढील आठवड्यापर्यंत तहकूब करणे भाग आहे. बाई बी.एड्.च्या वर्गास शांतिशिक्षण हा ऐच्छिक विषय शिकवतात. गेल्या सत्राच्या अंतर्गत मूल्यमापनात त्यांच्या एका विद्यार्थ्याने असे प्रतिपादन केले, की निजामाच्या हैदराबाद संस्थानातील रझाकारांच्या जुलमापुढे नुसता सत्याग्रह टिकला नसता आणि त्या घडीस शस्त्र उचलणे हाच धर्म होता. लेखन मुद्देसूद आणि साधार आहे. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने अहिंसेच्या स्तुतीने चार पाने भरली. त्या चार पानांत आधार म्हणून एकही घटना नाही. 'विषयाचे नावच शांतिशिक्षण असताना पहिल्यास अधिक गुण दिले, तर ती विषयाशी प्रतारणा होईल काय?' असे बाई विचारतात.

पहिल्यासच अधिक गुण द्यावेत, आणि ते निःशंकपणे द्यावेत, असे माझे मत आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये 1994 पासून ज्यांच्या नावाच्या विद्यापीठास जोडलेली आहेत, ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते, गांधीजींना मानणारे होते, आणि त्यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने 1938 मध्ये सत्याग्रहानेच लढ्यास प्रारंभ केला होता. तरीही 1947–48 च्या सुमारास संस्थानाच्या सरहद्दीवर त्याच संघटनेच्या कार्यकर्त्यांची सशस्त्र शिबिरे उभी राहिली, आणि दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच 30 जानेवारी 1948 या दिवशी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक त्यांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली. ज्या पेचातून प्रत्यक्ष ती पिढी सरळ वाट काढू शकली नाही, त्या पेचाचे एकच ठरावीक उत्तर वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावे आणि न लिहिल्यास त्याचे गुण कापावेत, हा न्याय नव्हे.

मात्र बाईंनी ती उत्तरपत्रिका पुन्हा एकदा वाचावी, आणि विद्यार्थ्याचा निष्कर्ष बाजूस ठेवून एवढेच पाहावे, की शस्त्राची जी किंमत पुढे चुकवावी लागली तिचा जमाखर्च त्याने मांडला आहे काय. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत संस्थान शरण आले, येथपर्यंत आमचे बहुतेक विद्यार्थी लिहितात आणि थांबतात. त्यानंतर मराठवाड्यात अनेक गावी निरपराध मुसलमान कुटुंबांवर जो प्रसंग ओढवला, ज्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानभर दौरा केला आणि ज्यात नांदेड व उस्मानाबाद हे आपल्याच मराठवाड्यातले जिल्हे सर्वाधिक पोळलेल्यांमध्ये गणले गेले, त्याचा उल्लेख त्याच्या लेखनात आहे काय? असेल, आणि तो पचवूनही तो आपल्या मतावर कायम असेल, तर त्यास पूर्ण गुण द्यावेत. नसेल तर गुण अवश्य कापावेत. पण ते अपुऱ्या पुराव्यासाठी कापावेत, शस्त्राचा पक्ष घेतला म्हणून नव्हे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये बी.एड्.चा पाठ्यक्रम दोन वर्षांचा केला तेव्हा ऐच्छिक विषयांत शांतिशिक्षणाचे नाव आले. तेव्हापासून या विषयाच्या मूल्यमापनासाठी आमच्याकडे सर्रास वापरले जाणारे साधन म्हणजे अभिवृत्ती-मापनश्रेणी. 'मला सर्व धर्मांविषयी आदर वाटतो' असे विधान, आणि त्यापुढे 'पूर्णपणे सहमत' पासून 'पूर्णपणे असहमत' पर्यंत पाच रकाने. कोणत्या रकान्यात खूण केली असता गुण पडतात हे ज्यास कळत नाही असा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. या मोजमापाने शांती मोजली जात नाही, आज्ञाधारकपणा मोजला जातो. शिवाय मनोवृत्तीत पडलेला फरक टिकतो किती, हाही प्रश्न आहे. हैफा विद्यापीठातील गॅव्रिएल सॉलोमन यांनी इस्रायली व पॅलेस्टिनी तरुणांच्या शांतिशिक्षणाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की वर्ग संपताना दिसणारा अनुकूल बदल पुष्कळदा काही महिन्यांतच, बाहेरच्या वास्तवाचे तडाखे बसू लागताच, ओसरतो. अशा बदलास सत्राच्या शेवटच्या आठवड्यात गुण देऊन आपण नेमके काय प्रमाणित करतो?

अंतःकरणाची परीक्षा घेण्याचा अधिकार विद्यापीठास नाही. कर्तृत्वाची परीक्षा घेण्याचा आहे. शांतिकार्यात मला सर्वांत मोलाचे वाटणारे, आणि मोजता येण्याजोगेही असणारे कर्तृत्व एकच : ज्याच्याशी आपले पटत नाही त्याची कैफियत अशी लिहून दाखवणे, की ती वाचून त्यानेच म्हणावे, 'होय, हेच आमचे म्हणणे आहे.' आमच्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष सविस्तर मांडल्यावाचून सिद्धान्तास हात घालू नये असा दंडक पाळला, तो वादात नुसता जय मिळावा म्हणून नव्हे; ज्यास प्रतिपक्ष पुरता कळला नाही त्यास स्वपक्षही पुरता कळलेला नसतो, हे ते जाणून होते.

याचा एक नमुना परभणी जिल्ह्यातल्याच पाथरीचा देतो. जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्र्यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली. शिर्डीकर संतप्त झाले आणि 19 जानेवारीस शिर्डी बंद राहिली, समाधिमंदिर तेवढे दर्शनास उघडे होते. परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस मी शिर्डीकरांची कैफियत लिहावयास सांगतो. पाथरी तालुक्यातल्या एका हुशार मुलीने पहिल्या खेपेस लिहिले : 'पाथरीस यात्रा वाहू लागली तर आपले उत्पन्न घटेल, ही शिर्डीकरांची भीती आहे.' हे वाक्य सर्वस्वी खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण हा प्रतिपक्षावर केलेला आरोप झाला, प्रतिपक्षाचे म्हणणे नव्हे. तिचा कागद मी अहिल्यानगर जिल्ह्यातील, शिर्डी ज्यात मोडते त्या राहाता तालुक्यात राहणाऱ्या एका स्नेही शिक्षकाकडे टपालाने पाठवला. तो समासात 'हे आमचे म्हणणे नाही' एवढाच शेरा घेऊन परत आला.

दुसऱ्या खेपेस मुलीने परिश्रम घेतले. तिने लिहिले, की 1918 मध्ये समाधिस्थ झालेल्या या पुरुषाने आपली जात, धर्म, जन्मगाव हयातभर कोणास सांगितले नाही. मशिदीत राहून धुनी पेटती ठेवली. आणि हिंदू व मुसलमान दोघांनाही तो आपला वाटला तो या मौनामुळेच. पाथरीचे जन्मस्थान मान्य करावयाचे तर त्याबरोबर बाबांचे म्हणून सांगितले जाणारे तेथील भुसारी घराणे येते, घराण्याबरोबर जात येते, आणि जे बाबांनी झाकून ठेवले ते सरकारी हुकुमाने उघडे केल्यासारखे होते. म्हणून पाथरीच्या विकासास शिर्डीचा विरोध नाही, विरोध आहे तो 'जन्मस्थान' या शब्दास. राहात्याहून या खेपेस शेरा आला : 'हेच.' त्या मुलीचे स्वतःचे मत बदलले नाही. वि. बा. खेर यांनी 1970 नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनाच्या आधारे बाबा पाथरीचेच असे ती आजही मानते. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

या परीक्षेत गुणांचा मोठा वाटा परीक्षकाच्या हाती न राहता प्रतिपक्षाच्या हाती जातो, आणि विद्यापीठाच्या दप्तरास हे रुचत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु दोन्ही खेपांचे कागद, समासातील शेरे आणि विद्यार्थ्याने केलेली दुरुस्ती ही सारी मिसल जपून ठेवली, तर बहिःस्थ परीक्षकास कोणत्याही लेखी उत्तरपत्रिकेइतकाच, किंबहुना अधिकच, पुरावा मिळतो.

बाईंनी विचारलेले नाही, पण या रीतीस एक मर्यादा घातलीच पाहिजे, आणि तिच्याबाबत मी काहीसा हट्टी आहे. कैफियतीचा विषय ताज्या जखमेचा नसावा. परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकासमोर संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदास हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि त्यात अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत असताना मरण पावला. ज्या वस्तीत पोलीस रात्री शिरले त्या वस्तीतली मुले आमच्या वर्गांत बसतात. त्यांस 'समोरच्याची बाजू दहा गुणांसाठी लिहा' असे सांगणे म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली केलेला दुसरा आघात होय. ज्याने सोसले त्यावर समजून घेण्याचा बोजा प्रथम टाकता येत नाही. तो प्रथम त्याने उचलावा, ज्यास काहीच सोसावे लागले नाही. हाच विचार मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नासही लागू आहे. 27 जुलै 1978 च्या विधिमंडळाच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांची जी राखरांगोळी झाली, तिला आता पुष्कळ वर्षे लोटली असली तरी वर्षे लोटली म्हणून प्रत्येक घरातली आठवण जुनी होतेच असे नाही. म्हणून विषय निवडण्याची मोकळीक विद्यार्थ्यास असावी, आणि नकार दिल्याने त्याचा एकही गुण जाऊ नये, अशी स्पष्ट नोंद मूल्यमापनाच्या नियमातच असावी.

सेलूच्या बाईंना एक विनंती. शस्त्राचा पक्ष घेणाऱ्या आपल्या त्या विद्यार्थ्याकडून आता 1938 च्या सत्याग्रहींची कैफियत लिहवून घ्यावी, आणि चार पाने स्तुती लिहिणाऱ्याकडून उमरीच्या तरुणांची. दोन्ही कागद त्यांनी एकमेकांचे तपासावेत आणि जमल्यास मला पाठवावेत. त्या दोघांची अनुमती मिळाल्यास, नावे गाळून, त्यांतील काही भाग या लेखमालेत देईन. सेवाग्रामवरील लेखांकात 1937 ची वर्धा परिषद आणि प्रचलित परीक्षापद्धतीवर झाकिर हुसेन समितीने ओढलेले कोरडे येतीलच. समितीचा अहवाल ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी त्यातील परीक्षांविषयीचा भाग तोवर वाचून ठेवावा.