पाण्याचा धंदा करायचाय? मशीनच्या कोटेशनआधी बोअरचा कागद बघा



उन्हाळा लागला की कड्यात काय, आष्टी तालुक्यात कुठेही, एक हिशेब हमखास ऐकू येतो. "घरचं बोअर आहे. आरओ मशीन टाकू, जार काढू. पाणी उरलं तर टँकर भरून देऊ." हिशेब चुकीचा नाही. लग्नाला, हॉटेलला, दवाखान्याला पाणी लागतंच. पण कर्ज काढून मशीन बसवलं आणि मग परवान्याकडे बघितलं, तर प्लांट बंद आणि हप्ते चालू अशी गत होते.

म्हणून सुरुवात बोअरपासून करा. बोअर तुमचं असलं तरी धंद्यासाठी उपसा करायला नियम आहेत. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिवसाला 10 घनमीटरपेक्षा कमी उपशासाठी ना-हरकत दाखल्यातून सूट आहे. 10 घनमीटर म्हणजे 10,000 लिटर. 20 लिटरचे 500 जार झाले ना? नाही! आरओमधून निम्मं पाणी वाया जातं असं धरलं, तर हातात 250 च जार येतात. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 400 जार लिहिले असतील, तर तुम्ही सुटीत बसत नाही.

टँकरवाल्यांनो, तुमचं वेगळं आहे. भूजल उपसून टँकरने पाणी विकणाऱ्याला त्याच सूचनांनी दाखला सक्तीचा केलाय. आणि तालुका 'अतिशोषित' गटात असेल, तर नव्या पॅकबंद पाण्याच्या उद्योगाला दाखलाच नाही, उद्योग लहान असला तरी. हे वर्गीकरण बदलत राहतं. बीडला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन आजची स्थिती विचारा. बोअरची खोलीही सांगा. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटर किंवा त्याहून जास्त खोल असेल ती 'खोल विहीर', आणि तिच्यावर जादा निर्बंध आहेत. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. आपल्याकडे 200 फुटांवर कोण थांबतं?

आता जार. सीलबंद विकणार असाल तर एफएसएसएआयचा परवाना हवाच. आयएसआय मार्कची सक्ती ऑक्टोबर 2024 मध्ये निघाली, आणि "आता काही लागत नाही" असं सांगणारे मशीनवाले भेटतात. पुढचं ते सांगत नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये हेच पाणी 'जास्त जोखमीच्या' अन्नगटात गेलं. म्हणजे परवान्याआधी तपासणी आणि नंतर दरवर्षी.

सुटा थंड जार सील नसल्यामुळे 'पॅकबंद' नाही, अशी पळवाट बरेच जण काढतात. अन्न सुरक्षा कायद्याच्या व्याख्येत शब्द 'पॅकबंद पिण्याचं पाणी' असाच आहे, त्यामुळे तिथे फट आहे हे खरं. पण भूजलाच्या नियमाला जारचं झाकण दिसत नाही, त्याला फक्त उपसा दिसतो. फटीवर पाच-सहा लाखांचं कर्ज मी तरी काढणार नाही.

एक धंदा मात्र फारसं कोणी विचारत नाही: शौचालयाची टाकी उपसणारी सक्शन गाडी. घरोघरी शौचालयं झाली, टाक्या कधीतरी भरणारच. इथे कागदापेक्षा माणूस मोठा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवलं, तर 2013 च्या कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. गाडी घेण्याआधी ग्रामपंचायतीला एकच गोष्ट विचारा: भरलेली गाडी रिकामी कुठे करायची? ओढा दाखवला तर थांबा. जागा दाखवली तर तेवढं लेखी घ्या, मग बँकेत जा.