यंत्राचा ठेका आणि वादकाचा हात

पेटी आहे, गाणारी मुले आहेत, पण ठेका धरणारा कोणी नाही, ही अडचण खेड्यापाड्यांतून पुष्कळदा येते. संगणकाने ती दूर होते काय, हे पाहण्यासाठी आम्ही ‘हायड्रोजन’ नावाच्या सॉफ्टवेअरवर काही ठेके बांधून पाहिले. ते विनामूल्य मिळते. आलेस्सांद्रो कोमिनू यांनी त्याचा आरंभ केला व पुढे अनेकांनी ते वाढविले.

रचना सोपी आहे. पडद्यावर चौकटींचा तक्ता असतो. प्रत्येक आडवी ओळ एका वाद्याची, प्रत्येक उभे घर काळाच्या एका अंशाचे. जेथे खूण करावी तेथे आघात पडतो. १९८० साली निघालेल्या रोलँड टीआर-८०८ या यंत्रात सोळा बटणांनी हेच काम होत असे. प्रत्येक आघाताचे बळही कमी-अधिक करता येते.

चार मात्रांचा सरळ ठेका काही मिनिटांतच तयार झाला. मग आम्ही आवर्तन सात मात्रांचे करून रूपक घेतला: तीन, दोन, दोन. मोजणीत यंत्र तसूभरही ढळले नाही. परंतु रूपकाची सम हीच त्याची खाली असते. पाश्चात्त्य सवयीप्रमाणे पहिल्या मात्रेवर मोठा ढोल ठेवताच रूपकाचे रूपच हरपले. तो काढून चौथ्या व सहाव्या मात्रेवर ठेवला. तबल्याचे बोल ध्वनिमुद्रित करून त्यात भरले. आता ताल ओळखू येऊ लागला.

तथापि गाणाऱ्याने श्वासासाठी किंचित थांबताच खरी परीक्षा झाली. यंत्र थांबले नाही. ठेका माणसासारखा वाटावा म्हणून ‘ह्यूमनाइज’ नावाची सोय त्यात आहे. तिने आघात थोडे मागेपुढे व कमीजास्त होतात. पण ते फासे टाकल्यासारखे. वादक मागे राहतो तो गाणाऱ्याकडे कान देऊन.

म्हणून आमचे मत असे: शिकाऊ मुलाची लय पक्की करण्यास हे साधन उत्तम. प्रथम मिनिटास ६० मात्रांची गती ठेवावी, हात बसला की वाढवावी. साथीदाराची जागा मात्र त्यास देऊ नये. ज्या घरी तबल्याची जोडी माळ्यावर धूळ खात पडली असेल, त्यांनी ती खाली काढावी, शाई-वाद्या नीट करून घ्याव्यात आणि एखाद्या मुलाला जाणत्या वादकापुढे बसवावे. यंत्र त्याला मोजायला शिकवील. ऐकायला माणूसच शिकवील.