लिंकच्या पोटातला शब्द

ब्लॉगवर एखाद्या शब्दाला लिंक दिली की वाचकाला दिसतो तो अधोरेखित, बहुधा निळा शब्द. त्याच्या आड एचटीएमएलची एक ओळ असते. त्या ओळीत पुढच्या पानाचा पत्ता असतो आणि पत्त्याला लागून, 'रेल' नावाच्या गुणधर्मात, कधीकधी आणखी एक शब्द असतो : नोफॉलो, स्पॉन्सर्ड किंवा यूजीसी. वाचकाला तो दिसत नाही, त्याच्या क्लिकवरही त्याचा काही परिणाम होत नाही. तो लिहिलेला असतो सर्च इंजिनसाठी. ही लिंक कोणत्या नात्याने दिली आहे, एवढंच तो सांगतो. पण या छोट्या शब्दाने ब्लॉगलेखनाच्या जगात इतका गोंधळ आणि इतकी भीती निर्माण केली आहे की त्याचा इतिहास आणि त्याचं काम नीट मांडायलाच हवं. या भीतीपोटी अनेक चांगले लेखक बाहेरच्या पानांना लिंक द्यायलाच कचरतात, आणि आपल्या मराठीला ते परवडणारं नाही.

सुरुवात गूगलच्या मुळापासून करावी लागते. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या सर्च इंजिनवर एक निबंध लिहिला. त्यात 'पेजरँक' या पद्धतीचं वर्णन होतं. त्या काळची सर्च इंजिनं पानावर कोणता शब्द किती वेळा आणि कुठे आला आहे यावर फार विसंबत, त्यामुळे तोच शब्द शंभर वेळा लिहिणारा वर चढे. पेजरँकने लक्ष पानाच्या बाहेर नेलं. या पानाला किती जणांनी लिंक दिली आहे, आणि देणाऱ्यांचं स्वतःचं वजन किती? ही कल्पना विद्वानांच्या जगात आधीपासून होती. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, हे मोजणारी सायन्स सायटेशन इंडेक्स युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्येच सुरू केली होती. ब्रिन आणि पेज यांनी तो विचार वेबला लावला.

गणित समजायला सोपं आहे. प्रत्येक पानाकडे काही वजन असतं आणि ते त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांमध्ये सारखं वाटलं जातं. वाचक पानावरच्या एखाद्या लिंकवरून पुढे जाईल याची शक्यता साधारण ८५ टक्के धरली होती. उरलेल्या वेळी तो कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, असं गृहीतक. म्हणजे लिंक ही शिफारशीची चिठ्ठी ठरली. वजनदार माणसाची चिठ्ठी मोलाची, आणि त्यानेही शंभर जणांना चिठ्ठ्या दिल्या तर प्रत्येकीचं मोल कमी.

चिठ्ठीला किंमत आली की खोट्या चिठ्ठ्याही येणारच. ब्लॉगच्या प्रतिक्रियांची चौकट कोणालाही मोकळी असल्यामुळे घाव तिथे बसला. २००३–०४ पर्यंत औषधविक्री, पोकर आणि कर्ज यांच्या लिंकांनी प्रतिक्रियांचे रकाने भरू लागले. ब्लॉगरने मनापासून लिहून कमावलेलं वजन कोणीतरी त्याच्याच अंगणातून चोरून नेत होतं.

१८ जानेवारी २००५ रोजी गूगलने त्यावर तोडगा जाहीर केला. ती घोषणा गूगलचे मॅट कट्स आणि ब्लॉगर सेवेचे जेसन शेलन यांच्या नावाने आली. लिंकच्या रेल गुणधर्मात नोफॉलो असेल, तर क्रमवारी ठरवताना गूगल त्या लिंकचं श्रेय पुढच्या पानाला देणार नाही. याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन सर्चनेही साथ दिली. वर्डप्रेस, सिक्स अपार्ट, लाइव्हजर्नल यांसारख्या ब्लॉगवाल्यांनी प्रतिक्रियांतल्या लिंकना हा शब्द आपोआप लावायला सुरुवात केली. नोफॉलो ही त्या पानाला दिलेली शिक्षा नव्हती, आणि आजही नाही. माझी शिफारस यात धरू नका, एवढाच त्याचा अर्थ. पुढे जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियानेही बाहेरच्या सगळ्या लिंकना नोफॉलो लावलं. प्रतिक्रियांतला स्पॅम मात्र थांबला नाही. पाठवायला खर्च शून्य, आणि एखादा माणूस चुकून क्लिक करतोच.

यानंतर हुशार मंडळींनी नोफॉलोचा भलताच उपयोग शोधला. आपल्याच साइटवरच्या 'संपर्क' किंवा 'लॉगिन' यांसारख्या पानांच्या लिंकना नोफॉलो लावायचं, म्हणजे वाचलेलं वजन आपल्या आवडत्या लेखांकडे वळेल. समजा पानाकडे दहा गुण आहेत आणि त्यावर दहा लिंक. प्रत्येकीच्या वाट्याला एक गुण. त्यातल्या पाच लिंक नोफॉलो केल्या, तर उरलेल्या पाचांना दोन-दोन गुण मिळत. सुरुवातीला हे खरंच असं चाले. जून २००९ मध्ये कट्स यांनी सांगितलं की हिशेब बदलला आहे, आणि बदलून वर्षाहून अधिक काळ लोटला आहे. आता दहा लिंकांपैकी पाच नोफॉलो असल्या तरी उरलेल्या पाचांना एकेकच गुण मिळतो. बाकीचे पाच कोणालाच मिळत नाहीत, हवेत विरतात. त्यामुळे 'बाहेरच्या लिंकना नोफॉलो लावलं की माझं वजन माझ्याकडेच राहतं' हा समज तेव्हाच निकालात निघाला होता. तरीही मराठी ब्लॉगरांच्या गटांत हा सल्ला आजही छातीठोकपणे दिला जातो, आणि तो वाचला की वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूला विकत घेतलेल्या लिंकांचा बाजार फोफावत होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीची हकीकत छापली. कपडे, चादरी, गालिचे असं काहीही शोधलं की ही कंपनी वर येई, कारण तिच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो साइटवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. सॅमसोनाइटची हातबॅग शोधली तरी सॅमसोनाइट कंपनीच्याही वर जे. सी. पेनी दिसे. गूगलने कारवाई केली तेव्हा त्याच शोधात पहिल्या क्रमांकावरचं पान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेलं. २४ एप्रिल २०१२ रोजी 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि अशा पेरलेल्या लिंका हुडकण्याचं काम यंत्राकडे गेलं.

ब्लॉगरच्या दृष्टीने मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते जानेवारी २०१२ चं प्रकरण. क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी एका मोहिमेत ब्लॉगरांना पैसे देऊन लेख लिहवून घेतले गेले. बहुतेकांनी काळजी घेतली होती. पण एका लेखात क्रोमच्या पानाला साधी लिंक होती, नोफॉलोशिवाय. गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाची क्रमवारी किमान ६० दिवसांसाठी खाली आणली. त्याआधी २००९ मध्ये गूगल जपानने पैसे देऊन ब्लॉगवर प्रसिद्धी करवल्यावर त्या साइटचा पेजरँक ९ वरून ५ वर आला होता. नियम करणाऱ्यालाही नियम लागू झाला, यापेक्षा पुरावा तो काय हवा? पैसे घेऊन दिलेली लिंक साधी ठेवायची नाही, ही या क्षेत्रातली सगळ्यांत पक्की गोष्ट आहे.

१० सप्टेंबर २०१९ रोजी या एका शब्दाचे तीन झाले. जाहिरात, प्रायोजन किंवा मोबदल्यातून आलेल्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड. वाचकांनी प्रतिक्रियेत किंवा चर्चेत टाकलेल्या लिंकसाठी यूजीसी. आणि बाकी ज्या लिंकची जबाबदारी घ्यायची नाही तिच्यासाठी नोफॉलो. त्याच दिवशी आणखी महत्त्वाची घोषणा झाली. यापुढे हे तिन्ही शब्द क्रमवारीसाठी आज्ञा म्हणून पाळले जाणार नव्हते, तो फक्त इशारा राहणार होता. १ मार्च २०२० पासून पान हुडकण्या-नोंदवण्याच्या कामालाही हेच लागू झालं. कारण उघड होतं. वेबचा फार मोठा भाग सरसकट नोफॉलो झाला होता, आणि लिंकमधले शब्द पुढच्या पानाविषयी जे सांगतात ती माहिती गूगलला गमवायची नव्हती. थोडक्यात, आज नोफॉलो लिंकने काहीच मिळत नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. आणि तिने क्रमांक वाढतो असंही नाही.

प्रत्यक्ष लेखात हे कसं दिसतं? समजा तुम्ही तोरण्याच्या पावसाळी ट्रेकवर लिहिलं आहे. पावसाचा अंदाज पाहण्यासाठी हवामान खात्याच्या पानाची लिंक दिली : ती साधीच ठेवा. दुसऱ्या एका मराठी ब्लॉगवर वेल्ह्याहून वर जाणाऱ्या वाटेचं उत्तम वर्णन वाचलं आणि त्याची लिंक दिली : तीही साधी, आणि मनापासून. बूट एका कंपनीने फुकट पाठवले होते आणि त्या बदल्यात तुम्ही कंपनीची लिंक दिली आहे : इथे स्पॉन्सर्ड. पाठपिशवीची लिंक अशी आहे की कोणी खरेदी केली तर तुम्हाला कमिशन मिळतं : पुन्हा स्पॉन्सर्ड. खाली प्रतिक्रियेत एका वाचकाने मुक्कामाच्या घरगुती सोयीचा पत्ता टाकला : त्याला यूजीसी, आणि वर्डप्रेस प्रतिक्रियांतल्या लिंकना नोफॉलो व यूजीसी दोन्ही आपोआप लावतं. गडाच्या इतिहासाविषयी निखालस चुकीची माहिती देणारं एखादं पान खोडून काढण्यासाठी दाखवायचं आहे, पण त्याला बळ द्यायचं नाही : तिथे नोफॉलो. दोन शब्द एकत्रही लिहिता येतात, मध्ये मोकळी जागा सोडली की झालं. साध्या लिंकला बाजारात 'डूफॉलो' म्हणतात. एचटीएमएलमध्ये असा शब्द नाही आणि तो लिहायची गरजही नाही.

त्याच लेखात लिंकसाठी 'येथे क्लिक करा' असं लिहिलंत, तर पुढच्या पानाबद्दल वाचकालाही काही कळत नाही आणि गूगललाही. 'वेल्ह्याहून तोरण्याला जाणारी वाट' या शब्दांना लिंक द्या. क्रमवारीच्या दृष्टीने माझ्या मते ही सवय रेलमधल्या कोणत्याही शब्दाइतकीच मोलाची आहे, आणि मराठीत लिहिलेले असे शब्द मराठीतून शोधणाऱ्यांच्या थेट उपयोगी पडतात.

लिंकच्या ओळीत नोओपनर आणि नोरेफरर असेही शब्द आढळतात. लिंक नव्या टॅबमध्ये उघडत असेल तर नोओपनर सुरक्षिततेसाठी असतो. नोरेफररमुळे वाचक कुठून आला हे पुढच्या साइटला कळत नाही. क्रमवारीशी दोघांचाही संबंध नाही, तेव्हा त्यांची धास्ती नको.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावी व्यक्तींसाठी नियमावल्या काढल्या. मोबदला घेतला असेल, वस्तू फुकट मिळाली असेल, तर ते वाचकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. रेलमधला शब्द फक्त यंत्र वाचतं. म्हणून स्पॉन्सर्ड लावून भागत नाही, लेखाच्या सुरुवातीलाच स्वच्छ मराठीत 'हे बूट कंपनीने दिले आहेत' असं लिहावं लागतं. वाचकाचा तो हक्क आहे.

थोडा जुना झालेला कोणताही ब्लॉग घ्या, त्याच्या इनबॉक्समध्ये 'गेस्ट पोस्ट'ची पत्रं पडलेली सापडतील. लेख आम्ही देऊ, पैसे देऊ, अट एवढीच की लिंक डूफॉलो हवी आणि लेख प्रायोजित आहे असं कुठे म्हणायचं नाही. कष्टाने उभ्या केलेल्या मराठी ब्लॉगच्या मालकाला ही रक्कम मोह पाडते, हे मी समजू शकतो. पण पकडलं गेलं तर लिंक निष्फळ ठरते, ब्लॉगवरही कारवाई होऊ शकते, आणि पत्र पाठवणारा तोवर दुसऱ्या दारात गेलेला असतो. नकार द्यावा.

लिंकांचं महत्त्वही आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. पान वर यायला फार थोड्या लिंक पुरतात, असं गूगलच्या गॅरी इलिएश यांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. पण 'थोड्या' म्हणजे शून्य नव्हे. मराठीत एखाद्या बोलीवर, एखाद्या गावच्या जत्रेवर, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या नाटककारावर लिहिलेल्या उत्तम पानाला बाहेरून एकही लिंक नसण्याची शक्यता मोठी आहे. तिथे तुम्ही दिलेली एक साधी, जाणतेपणाने दिलेली लिंक कदाचित पहिलीच असेल. बाहेरच्या प्रत्येक लिंकला नोफॉलो लावणारी प्लगिनं नेमकी हीच शिफारस पुसून टाकतात. स्वतःचा फायदा काही नाही, आणि शेजारच्याचं नुकसान.

जुन्या लेखांचं काय करायचं? २०१९ पूर्वी पैसे घेतलेल्या लिंकना नोफॉलो लावलेलं असेल, तर ते बदलून स्पॉन्सर्ड करायची सक्ती नाही, दोन्ही चालतं. शोधायच्या आहेत त्या मोबदला घेऊनही साध्या राहिलेल्या लिंक. लिंकवर उजवं क्लिक करून ब्राउझरमधला 'इन्स्पेक्ट' पर्याय उघडला की ओळ समोर येते. ब्लॉगर सेवेच्या संपादन-चौकटीत लिंक देतानाच नोफॉलोची खूण करता येते, आणि वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्यांतही ती सोय आहे; स्पॉन्सर्ड मात्र बहुधा एचटीएमएल उघडून हाताने लिहावं लागतं. प्रायोजित लेख आधी तपासावेत, मग कमिशनच्या लिंक. आणि ते झालं की सरसकट नोफॉलो लावणारं प्लगिन असल्यास बंद करून, ज्यांच्या लेखनातून आपण शिकलो त्यांच्या लिंक पुन्हा साध्या कराव्यात.